दुसऱ्या पाळीच्या माणसासाठी

आपल्या वार्षिक अंकात कवितांची, सहलीच्या वर्णनांची आणि हुंड्याच्या प्रश्नावरील लेखांची कधीच वानवा नसते. अशा अंकात कला शाखेची एक विद्यार्थिनी संगणकातल्या फोल्डरांवर लिहू लागली, तर वाचक पान उलटून पुढे जाणार, हे मला ठाऊक आहे. तरीही, मित्रहो, थोडे थांबा. मला जे सांगायचे आहे ते यंत्राविषयी कमी आणि माणसांविषयी जास्त आहे. माझ्या गबाळेपणामुळे आमच्या गल्लीतल्या चार बायकांकडून ३६० रुपये जास्तीचे घेतले गेले, आणि चार महिने कोणाला पत्ता लागला नाही. ही त्याची कबुली आहे. आणि कबुलीच्या ओघाने माझे एक ठाम मतही आहे.

मी बजाजनगरात राहते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्याच्यामागोमाग लहानमोठे कारखाने आले, आणि त्यांच्या पाठोपाठ बीड-जालना-परभणीकडची, खानदेशातली, विदर्भातली माणसे आली. आमची वस्ती अशी पाळ्यांवर उभी राहिली. कोणाच्या घरी पहाटे डबा भरला जातो, कोणाच्या घरी दुपारी, कोणाच्या घरी रात्री. एकाच गल्लीत एक माणूस झोपायला चाललेला असतो आणि दुसरा उठून दाढी करत असतो. माझे वडील एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आहेत. आई घर सांभाळते आणि गल्लीतल्या दहा बायकांचा बचत गट चालवते. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करते. कौशल्याचा विषय म्हणून पायथन ही संगणकाची भाषा थोडीफार शिकले, आणि घरी एक जुना डेस्कटॉप आल्यावर त्या विषयाची गोडी लागली.

गोडी लागली की माणसाला उपयोगी पडण्याची हौस येते. आईच्या गटाचा हिशेब रजिस्टरमध्ये होता. दर महिन्याच्या १० तारखेला बैठक भरे, आणि व्याज काढण्यात तास-दीड तास जाई. मी म्हटले, हे काम संगणक मिनिटात करील. मी प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या प्रयत्नात एक चूक झाली होती. गटाचे व्याज दरमहा शेकडा दोन, आणि ते शिल्लक मुद्दलावर घ्यायचे, असा नियम. माझा प्रोग्रॅम मात्र मूळ कर्जाच्या रकमेवर व्याज लावत होता. आईने ते वेळीच दाखवून दिले. मी सगळे फोल्डर जसेच्या तसे दुसरीकडे उतरवून घेतले आणि त्या प्रतीत दुरुस्ती केली. जुनी प्रत पुसली नाही. ‘असू दे, लागली तर’ हे आपल्या घराघरातले अडगळीचे तत्त्वज्ञान मी संगणकालाही लावले. पुढे छापील पावतीची सोय केली, तेव्हा आणखी एक प्रत झाली. मग एकदा काहीतरी बिघडले म्हणून आणखी एक. शेवटी पडद्यावर चार फोल्डर शेजारी शेजारी बसले होते: ‘बचतगट’, ‘बचतगट नवीन’, ‘बचतगट नवीन फायनल’ आणि ‘न्यू फोल्डर २’. त्यातले बरोबर कोणते, हे जगात फक्त मला माहीत होते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

त्यानंतर राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आले आणि मी गावाला गेले. १० तारीख शिबिरातच उजाडली. अकरावीतल्या धाकट्या भावाचा फोन आला, “ताई, कोणतं चालवू?” मी श्रमदानाच्या जागेवर, हातात फावडे. म्हणाले, “डेस्कटॉपवर ते नवीन आहे ना, त्यातलं.” माझ्या डोक्यात ‘नवीन’ म्हणजे सगळ्यात शेवटचे. त्याच्या डोळ्यांसमोर मात्र ‘बचतगट नवीन’ या नावाचे फोल्डर होते, आणि त्यात पावतीची सोय करताना मी चुकून जुनाच हिशेब उचलला होता. त्याने सांगितले तसे केले. पावत्या छापून निघाल्या. शिबिराहून परतल्यावर माझी परीक्षा आली. भावाचा हात बसला होताच, म्हणून पुढच्या तीन बैठकाही त्यानेच काढल्या. त्याच फोल्डरमधून.

आता हिशेब पाहा. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी १०,००० रुपये घेतले होते. दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडायचे. व्याज पहिल्या महिन्यात २०० रुपये, दुसऱ्या महिन्यात १८०, तिसऱ्यात १६०, चौथ्यात १४०. चुकीच्या प्रोग्रॅमने चारही महिने २०० रुपयेच लावले. पहिल्या महिन्याचा आकडा दोन्ही हिशेबांनी सारखाच येत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. पुढे वीस, चाळीस, साठ अशी चूक वाढत गेली. चार महिन्यांत काकूंनी १२० रुपये जास्त भरले. आणखी एकीचे कर्ज तेवढेच होते, दोघींचे पाच-पाच हजारांचे. चौघींचे मिळून ३६० रुपये.

काकूंची शाळा चौथीत सुटली. पण त्या आपल्या मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक हप्ता लिहून ठेवतात. चौथ्या पावतीनंतर त्या आमच्याकडे आल्या, बराच वेळ इकडचे-तिकडचे बोलल्या, आणि उठताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “मुद्दल तर कमी व्हायलंय, मग व्याज तेवढंच कसं ग बाई?” मी पावत्या पाहिल्या आणि माझ्या अंगाला घाम फुटला. “काकू, दुसऱ्याच महिन्यात का नाही विचारलं?” तर म्हणाल्या, “छापून आलेलं होतं. म्हटलं माझंच काही चुकलं असंल.”

हे वाक्य मला आजही सोडत नाही. हाताने लिहिलेल्या रजिस्टरातला आकडा काकूंनी तिथेच विचारला असता, भांडूनही घेतला असता. छापलेल्या आकड्यापुढे त्या गप्प बसल्या आणि दोष स्वतःकडे घेतला. पुढच्या बैठकीत आईने सगळ्यांसमोर चूक सांगितली, पैसे परत केले आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद केली. मला एवढेच म्हणाली, “पैसे परत देता आले. कागदावरचा विश्वास परत द्यायला वेळ लागंल.”

पहिले काही दिवस मी दोष भावावर टाकून पाहिला. नंतर ‘आपण चांगला प्रोग्रॅम लिहिला नाही’ असे म्हणून पाहिले. दोन्ही खरे नव्हते. भावाने सांगितले तेच केले होते, आणि बरोबर प्रोग्रॅमही त्याच संगणकावर हाताच्या अंतरावर होता. चूक मांडणीची होती. ते मला उमगले खंडेनवमीला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. वडिलांच्या कारखान्यात त्या दिवशी घरच्यांना आत जाता येते. टूलरूमच्या भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची, पक्कडीची आकृती रंगवलेली, आणि त्या आकृतीवर ते ते अवजार टांगलेले. एक जागा रिकामी होती. तिथे काय नाही हे मला, त्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकणारीला, एका दृष्टीत कळले. मी वडिलांना म्हटले, “तुम्हांला तर डोळे झाकून सगळं सापडत असेल, मग हा खटाटोप कशाला?” ते हसले. म्हणाले, “पाना कुठं आहे ते मला ठाऊक असून काय उपयोग? माझी सुट्टी झाली की मी घरी. दुसऱ्या पाळीच्या माणसाला सापडला पाहिजे.”

या पद्धतीला कारखान्यात ‘फाइव्ह एस’ म्हणतात. ती जपानहून आली. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू आणि शित्सुके हे तिचे पाच शब्द. मराठीत सांगायचे तर नको ते वेगळे काढणे, हवे ते जागच्या जागी लावणे, झाडपूस, सगळ्यांसाठी एकच रीत, आणि ती रीत रोज पाळण्याची शिस्त. जी वस्तू लागेल की नाही याची शंका असते, तिला तारखेसह लाल चिठ्ठी बांधून वेगळ्या कोपऱ्यात ठेवतात. ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही, तर ती बाहेर जाते. ‘असू दे, लागली तर’ याला तिथे मुदत असते. आमच्या वस्तीतले कितीतरी कामगार ही पद्धत रोज पाळतात. त्यांच्याच घरातली आम्ही मुले मात्र संगणकावर बसलो की सारा पसारा ‘डाउनलोड्स’मध्ये लोटून मोकळी होतो.

माझे मत ते एवढेच. संगणकावरच्या कामाची मांडणी स्वतःच्या आठवणीच्या भरवशावर करू नये. आपण निघून गेल्यावर येणाऱ्या माणसासाठी करावी. तो कधी धाकटा भाऊ असतो, कधी सहाध्यायी, कधी पुढच्या वर्षीची तुकडी. आणि पुष्कळदा तो आपणच असतो, सहा महिन्यांनंतरचे, सगळे विसरलेले.

हा विचार आपल्या कला शाखेला नवा वाटू नये. वेरूळला आपण सगळे सहलीला गेलेलो आहोत. तिथल्या ३४ लेण्यांचे क्रमांक डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने जातात: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. अजिंठ्यालाही क्रमांक वाटेने जातात, काळाने नव्हे. तिथली सर्वांत जुनी लेणी, म्हणजे ९ आणि १०, मध्येच येतात. आणि पहिल्या क्रमांकाचे लेणे त्यांच्याहून कितीतरी शतकांनी अलीकडचे आहे. मागाहून एक लहान लेणे उजेडात आले, तेव्हा पुढचे सगळे क्रमांक बदलत न बसता त्याला ‘१५ अ’ म्हटले गेले. यात एक शहाणपण आहे. क्रमांक हा पत्ता असतो, इतिहास नसतो. कोणते लेणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे सांगण्याचे काम ग्रंथांचे. क्रमांकाचे काम पाहुण्याला दारापर्यंत पोहोचवण्याचे. मी ‘नवीन’, ‘फायनल’ अशी नावे दिली, तेव्हा पत्ता आणि इतिहास यांची खिचडी केली. ‘नवीन’ हे नाव दुसऱ्याच दिवशी खोटे पडते, आणि पाटी मात्र तशीच राहते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. पेशव्यांच्या दप्तरातले मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असत, आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. फोल्डरला याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली. ज्या कारकुनांनी त्या गाठी मारल्या ते गेले, पुण्यात रुमाल राहिले. पुढे शंभरावर वर्षांनी गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ते हजारो रुमाल चाळून निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. त्या कारकुनांच्या दृष्टीने सरदेसाई म्हणजे फार उशिरा आलेला दुसऱ्या पाळीचा माणूस. आपल्यामागून कोण येईल, हे दप्तर बांधणाऱ्याला कधीच माहीत नसते. म्हणून तर नीट बांधायचे.

संगणकालासुद्धा ही अक्कल एकदम आली नाही. १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोयच नव्हती. ती १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. १९८१ मध्येच झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक काढला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, फायलींचे कपाट अशी कचेरीतली चित्रे होती. म्हणजे यंत्राने कचेरीची नक्कल केली. कचेरी जितकी व्यवस्थित, तितकेच यंत्र व्यवस्थित. यंत्र आपण होऊन काहीच लावून देत नाही.

आता मी घरी काय करते ते सांगते. त्यात नवल काही नाही, पण उपयोगाचे आहे. पडद्याच्या दर्शनी भागावर, म्हणजे डेस्कटॉपवर, एकही काम ठेवत नाही. ‘कामे’ नावाचे एकच मोठे फोल्डर आहे आणि त्यात चार कप्पे: चालू, पूर्ण, सराव आणि परके. ‘परके’ म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले, पाहण्यासाठी उतरवून घेतलेले. सराव वेगळा ठेवण्याचे कारण मी ठेच लागून शिकले. सरावाच्या एका फाइलला मी ‘रँडम’ असे नाव दिले होते. त्याच नावाचे पायथनचे स्वतःचे एक मॉड्यूल आहे. पायथन आधी चालू प्रोग्रॅमच्याच फोल्डरात शोधतो. त्यामुळे त्या फोल्डरातला दुसरा प्रोग्रॅम खरे मॉड्यूल सोडून माझीच अर्धवट फाइल उचलू लागला. अर्धा दिवस गेला.

प्रत्येक कामाला एक फोल्डर, आणि त्याला कामाचे साधे नाव. आत प्रोग्रॅम एका जागी, मूळ आकडे दुसऱ्या जागी, छापून निघालेल्या पावत्या तिसऱ्या जागी. मूळ आकड्यांना हात लावायचा नाही. तारीख लिहायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने हीच रीत सांगितली आहे. ‘२०२५-०१-१०’ असे लिहिले की नावांच्या क्रमाने लावल्यावर तारखाही आपोआप क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला, तर सगळ्या महिन्यांच्या १० तारखा एका ठिकाणी गोळा होतात आणि जानेवारी कुठला, जून कुठला, ते शोधत बसावे लागते.

कामात बदल झाले तर नव्या प्रती करत नाही. त्यासाठी गिट नावाचे साधन आहे. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केले. आज ते फुकट मिळते, आणि इंटरनेट नसले तरी आपल्या संगणकावर चालते. फोल्डर एकच राहते; कोणत्या दिवशी काय बदलले आणि का बदलले, याची नोंद गिट आत ठेवते; आणि हवी ती जुनी अवस्था परत काढता येते. पत्ता बाहेर, इतिहास आत. अजिंठ्याचा धडा तोच. मात्र गिट ठेवले म्हणजे राखण झाली, असे समजू नये. डिस्क बिघडली तर नोंदही तिच्याबरोबर जाते. म्हणून दर रविवारी एक प्रत पेनड्राइव्हवर काढून आईच्या रजिस्टरशेजारी कपाटात ठेवते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, प्रत्येक फोल्डरात ‘आधी वाचा’ नावाची एक छोटी फाइल. पाच-सहा ओळी पुरतात. हे काम कशाचे, कोणासाठी, कोणती फाइल चालवायची, व्याजाचा नियम काय, शेवटचा बदल कधी झाला, आणि बरोबर चालले आहे हे कसे ओळखायचे. बचत गटाच्या फाइलमध्ये मी काकूंचेच उदाहरण लिहून ठेवले आहे: १०,००० रुपये, दहा हप्ते, तर व्याज २००, १८०, १६०, १४०. बैठकीआधी हे आकडे पडद्यावर आले नाहीत, तर पावत्या छापायच्या नाहीत.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तिचा मी आधी विचारही केला नव्हता. एकदा एका मैत्रिणीने तिच्या आईच्या गटासाठी माझा प्रोग्रॅम मागितला. मी पूर्ण फोल्डर तिला पाठवणार होते. हात थांबला, कारण त्यातच आमच्या दहा बायकांची नावे, कोणाचे किती कर्ज, कोणाचा हप्ता थकला, हे सगळे होते. कर्ज ही गल्लीत दबक्या आवाजात बोलायची गोष्ट. काकूंनी ज्या विश्वासाने मला ती सांगितली, तो विश्वास मी एका बोटाच्या टिचकीने दुसऱ्या वस्तीत पोचवला असता. आता आकड्यांचे फोल्डर प्रोग्रॅमपासून वेगळे असते. प्रोग्रॅम कोणालाही द्यावा. माणसांची माहिती ज्याची त्याची.

यावर माझे मित्र दोन-तीन आक्षेप घेतात. पहिला: “सर्च आहे की! नाव टाइप केलं की सापडतं.” सापडते ना. ‘बचतगट’ टाइप केले की माझ्याही संगणकाने चारही फोल्डर समोर आणून ठेवले असते. शोध वस्तू आणून देतो. त्यातली खरी कोणती, हे सांगत नाही. भावाची अडचण न सापडण्याची नव्हतीच. त्याला सापडले होते, फक्त चुकीचे सापडले होते.

दुसरा आक्षेप आपल्या शाखेचा लाडका आहे. कलावंताचे टेबल पसरलेलेच असायचे, व्यवस्थितपणा हा कारकुनाचा गुण! मला हे मान्य नाही. पसारा एकट्याच्या कवितेला शोभत असेल. ज्या कामावर दुसऱ्याचे पैसे, गुण किंवा नाव अवलंबून आहे, त्याला शोभत नाही. आणि कारकून या शब्दात इतके हिणवण्यासारखे तरी काय आहे? त्या रुमाल बांधणाऱ्यांनी कागद जपले नसते, तर आपल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना शिकवायला काय उरले असते?

तिसरा आक्षेप मात्र मला पटतो. मांडणीचेही वेड लागते. त्या प्रसंगानंतर मी जोशात येऊन दोन दिवसांत चाळीसएक रिकामी फोल्डरे करून ठेवली, एकाच्या पोटात दुसरे, त्याच्या पोटात तिसरे. काम मात्र एका ओळीचे झाले नाही. लग्न ठरण्याआधी पाळणा बांधावा तसा तो प्रकार. आता नियम केला आहे: आत ठेवायला वस्तू असल्याशिवाय फोल्डर करायचे नाही, आणि तीन पायऱ्यांच्या खाली उतरायचे नाही.

हा विषय आजच काढण्याला एक कारण आहे. आता मागितला की प्रोग्रॅम लिहून देणारी साधने आपल्या हातात आली आहेत. पूर्वी आठवड्यात एक प्रोग्रॅम होत असे. आता संध्याकाळी पाच होतात, आणि पाचही थोडेथोडे वेगळे. लिहिणे स्वस्त झाले की प्रती वाढतात, आणि प्रती वाढल्या की खरी कोणती हा प्रश्न आणखी बिकट होतो. प्रोग्रॅम यंत्राने लिहिला असला, तरी पावती आपल्या हातून जाते. त्यावरचा विश्वास आपल्या नावावर असतो.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक नम्र सूचना. आपल्याकडे कौशल्य विषयांचे प्रकल्प तपासताना विद्यार्थी शेजारी उभा असतो. काही अडले की, “सर, ते नाही, ते दुसरं फोल्डर,” असे सांगत तो स्वतःच उंदीर हातात घेतो. प्रकल्प चालतो, गुण मिळतात. त्याऐवजी असे करावे. प्रकल्पकर्त्याला बाहेर व्हरांड्यात बसवावे. त्याच्या संगणकापुढे दुसऱ्या वर्गातला, तो विषय बेताचाच जाणणारा विद्यार्थी बसवावा. त्याने ‘आधी वाचा’ वाचून, कोणालाही न विचारता, प्रकल्प चालवून दाखवावा. तो चालला तर गुण द्यावेत; दहापैकी दोन तरी या एका गोष्टीसाठी राखावेत. याला ना खर्च, ना नवे यंत्र. आणि हे फक्त संगणकाच्या प्रकल्पांना नव्हे. अर्थशास्त्राच्या पाहणीचे तक्ते, भूगोलाचे नकाशे, नाट्यस्पर्धेच्या संहिता, एवढेच काय, या वार्षिक अंकाच्या फायली, सगळ्यांना लावता येईल. दर वर्षी नवे विद्यार्थी संपादक मंडळ येते आणि मागच्या मंडळाने काय कुठे ठेवले हे विचारण्यासाठी फोन करत फिरते, हे आपण पाहतोच.

आमच्या घरी ही परीक्षा दर महिन्याला होते. १० तारखेला बायका पुढच्या खोलीत जमतात. भाऊ संगणकापुढे बसतो, आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकते. पहिल्या बैठकीला त्याने दोनदा हाक मारली. मी उत्तर दिले नाही. ‘आधी वाचा’मध्ये दोन ओळी वाढवल्या. पुढच्या बैठकीला एकदाच मारली. मागच्या वेळी हाक आलीच नाही. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा पावत्या वाटून झाल्या होत्या. काकू आपली वही उघडून पावतीशी आकडा ताडून पाहत होत्या. त्या आता दर वेळी ताडून पाहतात, आणि त्यांनी तसे करावे असेच मला वाटते. आकडा जुळला. त्यांनी वही मिटली आणि कप उचलला.